नात्यांची प्रतीक्षायादी

(शिरवळ येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नीरेकाठचे शिरवळ हे वाटेवरचे गाव आहे. जवळच्या डोंगरातील बौद्ध लेणी, नदीकाठची सुभानमंगळ गढी आणि पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग या तिन्ही गोष्टी एकच सांगतात : येथून माणसे सतत जात-येत राहिली. पूर्वी सातारा जिल्ह्यातला माणूस घराबाहेर पडला म्हणजे मुंबईला जात असे. आता त्याच घरातला नातू पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेतो आणि टेक्सास, टोरांटो किंवा लंडन गाठतो. जाणाऱ्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. कधी कौतुकाने, कधी बुद्धिमत्तेच्या गळतीच्या नावाने खंत करीत. परंतु त्याच्या मागोमाग जाऊ इच्छिणारी त्याची पत्नी, त्याचे आईवडील, त्याचा धाकटा भाऊ यांच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. त्यांचा प्रश्न घरगुती समजला जातो. वस्तुतः तो जितका घरगुती आहे तितकाच राजकीय आणि आर्थिकही आहे.

तो समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याआधी मुंबईला जाणे उपयोगाचे ठरेल. 1921 च्या जनगणनेत मुंबई शहरातील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक होती. त्याचे कारण उघड होते. कोकण आणि सातारा येथील पुरुष गिरणीत आणि गोदीत काम करीत, एका खोलीत दहा-पंधराजण पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. बायका-मुले गावी. गिरणीमालक जो पगार देई तो एका पुरुषाच्या जगण्याच्या हिशेबाचा होता. त्याची मुले वाढविण्याचा, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या औषधपाण्याचा, आजारी पडल्यावर त्याला सांभाळण्याचा खर्च गावची जिरायत शेती आणि त्या शेतीवर राबणारी त्याची पत्नी सोसत होती. पुढे माथाडी कामगारांच्या बाबतीतही तेच घडले. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले, 1969 साली माथाडी कायदा झाला, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा मिळू लागल्या आणि नंतर घरांचा प्रश्न पुढे आला. घर मिळाले तेव्हाच अनेकांची बायका-मुले शहरात आली. या प्रवासाला व्हिसा लागत नव्हता. तरीही भाड्याच्या खोलीच्या क्षेत्रफळाने माथाडीच्या संसाराला वर्षानुवर्षे अडवून धरले होते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर श्रमशक्ती वापरण्याची जागा आणि ती घडविण्याची जागा वेगळ्या ठेवल्या की श्रम स्वस्त पडतो. मायकेल बुरावॉय या समाजशास्त्रज्ञाने 1976 साली दक्षिण आफ्रिकेतील खाणकामगार आणि कॅलिफोर्नियातील शेतमजूर यांची तुलना करून हेच सूत्र मांडले होते. कामगार हवा, पण त्याचे कुटुंब दुसऱ्या कोणाच्या खर्चाने जगले पाहिजे. आज जगातील श्रीमंत राष्ट्रांचे स्थलांतरविषयक कायदे वाचले तर भाषा बदललेली दिसते. हिशेब फारसा बदललेला नाही.

गोपाळराव जोशी अमेरिकेत पोहोचले तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही की तुम्ही कोणत्या वर्गातील अर्जदार आहात. आनंदीबाई 1883 साली एकट्या समुद्र ओलांडून गेल्या होत्या. त्यांचा वैद्यकीय पदवीदान समारंभ फिलाडेल्फियाला व्हायचा होता आणि त्यासाठी त्यांचे पती त्यांच्याजवळ जाऊन पोहोचले. पत्नीमागून पती गेला, हेही त्या काळात नवलच. त्या दिवसांत तेथील दार चिनी मजुरांपुरते बंद झालेले होते. हिंदी माणसांची गणना करावी इतकी त्यांची संख्याच नव्हती. संख्या वाढली आणि दार लोटले गेले. 1917 आणि 1924 च्या कायद्यांनी आशियातील लोकांना जवळजवळ पूर्ण मज्जाव केला, 1923 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस नागरिकत्वास पात्र नसल्याचा निर्वाळा दिला. 1946 साली मोठ्या औदार्याने भारताला वर्षाला शंभर माणसांचा कोटा मिळाला.

कुटुंबाला बाहेर ठेवण्याची सर्वांत निर्दय रीत मात्र दक्षिण आफ्रिकेत दिसली. 14 मार्च 1913 रोजी केप येथील न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम या स्त्रीच्या प्रकरणी निकाल दिला. तिचा पती तेथे राहणारा होता, ती त्याच्याकडे जाण्यासाठी हिंदुस्थानातून आली होती. ज्या धर्मात बहुपत्नीत्वाला मुभा आहे त्या धर्मरीतीने लागलेला विवाह तेथील कायद्याला मान्य नाही, सबब ती पत्नी नव्हे आणि तिला प्रवेश नाही, असा त्या निकालाचा आशय होता. एका वाक्यासरशी हजारो हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्रियांचे पत्नीपद कायद्याच्या लेखी संपुष्टात आले. नामदार गोखले आदल्याच वर्षी तो देश फिरून आले होते. त्यांनी कराराने बांधलेल्या मजुरांच्या आणि तीन पौंडांच्या कराच्या प्रश्नावर तेथील मंत्र्यांशी बोलणी केली होती. सर्ल निकालाने त्या लढ्यात एक नवे बळ आणले : स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या. कस्तुरबा तुरुंगात गेल्या, तमिळ कुटुंबातील कोवळी वल्लिअम्मा तुरुंगवासातील आजारपणाने 1914 च्या फेब्रुवारीत मरण पावली. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने एकपत्नी विवाहांना मान्यता दिली आणि पत्नी व अज्ञान मुलांचा प्रवेश मोकळा झाला. आपल्या माणसांजवळ जाऊन राहण्याचा हक्क हा सत्याग्रहाचा विषय होऊ शकतो, हे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेले आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र या लढ्यातला कर तेवढा लक्षात राहतो, विवाह विसरला जातो.

कॅनडाने अधिक सभ्य पद्धत काढली. 1908 च्या नियमानुसार मायदेशातून थेट, मध्ये न थांबता आलेल्यालाच उतरता येई आणि हिंदुस्थानातून असा थेट प्रवास करणे तर जवळपास अशक्यच होते. तेथे आधी पोहोचलेल्या शीख कामगारांच्या बायका-मुलांनाही हाच नियम लागू झाला. कोमागाता मारू जहाज 1914 साली परत पाठविले गेले ते याच नियमाच्या आधारावर. महायुद्धात हिंदी सैनिकांचे रक्त पुरेसे सांडल्यावर, 1919 साली, पत्नी आणि अज्ञान मुलांना येऊ देण्याचे मान्य झाले.

आता आजच्या काळाकडे येऊ. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांचा संबंध ज्या कायद्याशी येतो तो अमेरिकेचा 1965 चा कायदा होय. त्याची जन्मकथा मोठी उद्बोधक आहे. वंशनिहाय कोटा रद्द करणे नागरी हक्कांच्या चळवळीमुळे अपरिहार्य झाले होते. तेव्हा काँग्रेसमधील काही सावध मंडळींनी कौशल्यापेक्षा नात्याला अग्रक्रम देण्याचा आग्रह धरला. त्यांचा हिशेब असा की देशात आधीपासून राहणारे लोक युरोपीय आहेत, त्यांचे नातलगही युरोपीयच असणार. म्हणजे वंशाचे नाव न घेता वंश राखला जाईल. या कायद्याला भावाबहिणींचा कायदा असे टोपणनावही पडले. घडले नेमके उलटे. युरोप तोवर सुखवस्तू झाला होता, तेथून येण्याची घाई कोणाला नव्हती. आशियातून मात्र डॉक्टर आणि इंजिनिअर कौशल्याच्या दाराने आत गेले आणि त्यांनी नात्याच्या दाराने आपल्या माणसांना बोलावून घेतले. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली स्थापन झाले, त्यामागे या दोन दारांनी आत गेलेल्या माणसांचीच गर्दी होती. वर्णाभिमानी माणसाने आखलेला कायदा त्याच्याच हेतूवर उलटावा, असे प्रसंग इतिहासात विरळा. येथे तो आनंद जरूर घ्यावा.

परंतु हा आनंद पुरता टिकत नाही, कारण नात्याच्या त्या दाराला रांगा आहेत. नागरिकाचा पती किंवा पत्नी, त्याची अज्ञान मुले आणि, नागरिक एकवीस वर्षांचा असल्यास, त्याचे आईवडील यांच्यावर संख्येची मर्यादा नाही. बाकी सगळे नातेवाईक वर्गवार बसविलेले आहेत. विवाहित मुलगा एका वर्गात, अविवाहित दुसऱ्या, भाऊ आणि बहीण शेवटच्या. 1990 च्या कायद्यानुसार भावाबहिणींसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला 65,000 जागा आहेत आणि कोणत्याही एका देशाला एकूण जागांच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. भारताची लोकसंख्या आणि आइसलंडची लोकसंख्या या नियमाच्या दृष्टीने सारखीच. परिणामी 2025 साली ज्या भारतीय भावाबहिणींचे अर्ज विचारात घेतले जात होते ते 2006 साली भरलेले होते. एकोणीस वर्षे! अर्ज भरताना पस्तिशीत असलेला भाऊ चौपन्नाव्या वर्षी नव्या देशात नोकरी शोधायला निघतो. त्याच्या अर्जात समाविष्ट असलेली मुले दरम्यान एकवीस वर्षांची होऊन अर्जातून बाहेर पडतात. 2002 साली या मुलांना थोडा दिलासा देणारा कायदा झाला, पण भावाच्या अर्जावर अवलंबून असलेल्या मुलांना त्याचा विशेष उपयोग होत नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केले. म्हणजे एका भावाकडे जाण्यासाठी दुसऱ्या भावाने आपली मुले मागे ठेवायची. कुटुंबांच्या पुनर्मीलनासाठी केलेल्या कायद्याने एक कुटुंब जोडताना दुसरे तोडावे, ही गोष्ट त्या कायद्याच्या भाष्यकारांना फारशी खटकलेली दिसत नाही.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मराठी घरात चुलता, आत्या, मावशी, विधवा वहिनी, आईवेगळा भाचा ही 'कुटुंबीय' माणसे असतात. भाच्याला मामाने वाढविल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. पाश्चात्य कायद्याचे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि एकवीस किंवा अठरा वर्षांखालील मुले. आईवडील त्यात पाहुण्यासारखे येतात, मामा-भाचे येतच नाहीत. एकत्र कुटुंबाचा उगाच गौरव करण्याचे कारण नाही. त्या व्यवस्थेने सुनांवर काय अन्याय केले हे सर्वांना ठाऊक आहे. तरी माणसाचे जवळचे कोण हे त्याने कोणाला वाढविले, कोणी त्याला वाढविले यावरून ठरायला हवे, ही साधी गोष्ट वर्गांच्या तक्त्यात बसत नाही.

ब्रिटनने हेच काम संशय आणि पैसा या दोन चाळण्यांनी केले. 1979 साली हीथ्रो विमानतळावर आपल्या भावी पतीकडे आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी घेण्यात आल्याचे वृत्तपत्राने उघडकीस आणले आणि संसदेत, जगभर संताप झाला. असे प्रकार एकट्यादुकट्या स्त्रीपुरते नव्हते, हे पुढे 2011 साली जुन्या कागदपत्रांतून बाहेर आले. नंतर विवाह देशात येण्यासाठीच केलेला नाही हे अर्जदाराने सिद्ध करावे, असा नियम ऐंशीच्या दशकात राबविला गेला. तो 1997 साली रद्द झाला. ब्रिटनमधील स्थायिक पुरुषाला पत्नी सहज आणता येते, स्त्रीला पती आणता येत नाही, हा भेदभाव असल्याचा निर्णय 1985 साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दिला. सरकारने निर्णयाचे पालन तत्परतेने केले : पतींवरील निर्बंध पत्नींनाही लागू केले. समतेचा असा अर्थ लावता येतो, हे समतावाद्यांनी ध्यानात ठेवावे.

आता तेथे चाचणी पगाराची आहे. 2012 साली जोडीदार आणू इच्छिणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान 18,600 पौंड असावे असे ठरले, एप्रिल 2024 मध्ये ती मर्यादा 29,000 पौंडांवर नेण्यात आली. याचा अर्थ, दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करणारी, दुकानात उभी राहणारी, उपाहारगृहात भांडी घासणारी व्यक्ती, मग ती जन्माने इंग्रज का असेना, आपल्या जोडीदारासह आपल्या देशात राहू शकत नाही. वृद्ध आईवडिलांविषयीचा 2012 चा नियम तर तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला द्यावा असा आहे. आईला रोजचे व्यवहार स्वतः करता येत नसले पाहिजेत, आणि तिला लागणारी शुश्रूषा मायदेशात उपलब्ध नसली किंवा परवडत नसली पाहिजे. मुलाकडे तिला ब्रिटनमध्ये सांभाळण्याइतका पैसा असला पाहिजे. पण तितका पैसा असेल तर तो शिरवळला बाई ठेवू शकतो, मग परवडत नाही कसे? पैसा नसेल तर तो आईला सांभाळू शकत नाही. दोन्ही बाजूंनी अर्ज फेटाळता येतो.

आखाती देशांत हे सर्व आडपडदा न ठेवता चालते. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब आणण्यासाठी दरमहा 4,000 दिर्‌हाम, किंवा 3,000 दिर्‌हाम आणि निवास, अशी अट 2019 पासून आहे. रत्नागिरी-रायगडच्या ज्या कामगाराला एवढे मिळत नाही त्याचा संसार दर दोन वर्षांनी मिळणाऱ्या रजेपुरता असतो. मुंबईच्या खोलीतील गिरणी कामगार आणि दुबईच्या वसाहतीतील गवंडी यांच्यात समुद्राखेरीज अंतर ते काय?

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये परदेशातून भारतात आलेल्या खासगी पैशांपैकी सुमारे 20.5 टक्के महाराष्ट्रात आला. केरळचा वाटा त्याहून किंचित कमी होता. देशनिहाय पाहता अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा, जवळपास 28 टक्के होता. हे आकडे अर्थमंत्र्यांना आवडतात. पण पैसा येतो याचा अर्थ माणसे एकत्र नाहीत, असाही होतो. ज्याचे सारे कुटुंब त्याच्याजवळ आहे तो पैसे पाठवीत नाही. विभक्त राहण्याचे हे मोल परकीय चलनाच्या गंगाजळीत जमा होते आणि खर्चाच्या बाजूला त्याची नोंद कोठेच होत नाही.

उलट दिशेने जाणारा एक प्रवाह तर कोणत्याच तक्त्यात नाही. समजा, खंडाळा तालुक्यातील एका निवृत्त शिक्षक दांपत्याची मुलगी न्यू जर्सीत आहे. तिला मूल व्हायचे आहे. अमेरिकेत सर्व स्त्रियांना लागू होणारी भरपगारी बाळंतपणाची रजा राष्ट्रीय कायद्याने नाही. 1993 च्या कायद्याने पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांत बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, इतकेच. पाळणाघराचा खर्च पगाराचा मोठा भाग खातो. तेव्हा आई सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर जाते. तिची वेळ संपली की सासू जाते. पाळी बदलते, अगदी गिरणीतल्यासारखी. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नात या श्रमाची नोंद नाही, भारताच्या निर्यातीतही नाही. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्राने जी सामाजिक सेवा उभारलेली नाही, तिची तूट शिरवळसारख्या गावची आजी भरून काढते आणि सहाव्या महिन्याच्या आत तिला परत पाठविले जाते. ती पर्यटक म्हणून गेलेली असते. पाहिलेले असते ते बहुधा स्वयंपाकघर.

मुलगी नागरिक झाल्यावर आईवडिलांना कायमचे नेता येते, हे खरे. परंतु 1996 च्या कायद्यान्वये तिला त्यांच्या निर्वाहाची कायदेशीर हमी लिहून द्यावी लागते, आणि ती हमी ते नागरिक होईपर्यंत किंवा सुमारे दहा वर्षांच्या कामाइतकी नोंद होईपर्यंत सुटत नाही. सरकारी वृद्ध-आरोग्यविमा हप्ता भरून घ्यायचा तरी पाच वर्षे वास्तव्य लागते. पंच्याहत्तरीच्या माणसाला ही पाच वर्षे म्हणजे काय, हे सांगायला नको. आणि तेथे गेल्यावर? मुलगी-जावई कामावर, नातवंडे शाळेत, रस्त्यावर चालणारे माणूस नाही, मोटार येत नाही. येथे ज्यांना चावडीवर सल्ला विचारला जात होता ते तेथे टपाल आणायला चार पावले चालतात. अनेक जण परत येतात. परत येणे हा पराभव नव्हे. पण परत यायचे तर येथे कोण आहे? 2007 साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याने मुलांवर जबाबदारी टाकली, पण मूल परदेशात असेल तर न्यायाधिकरणाचा आदेश तेथवर पोहोचविणे सोपे नाही. खरे म्हणजे अशा दांपत्याला नातेवाइकांवरील खटल्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी रात्री उघडा असणारा दवाखाना अधिक हवा आहे.

भारत सरकारने या प्रश्नात काय केले? 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी व्यापार करार झाला. स्कॉच व्हिस्कीवरील 150 टक्के जकात निम्म्यावर आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणण्याचे ठरले. तात्पुरत्या कामावर जाणाऱ्या नोकरदारांना तेथील सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतून तीन वर्षे सूट मिळण्याची व्यवस्था झाली, ती चांगलीच आहे. तेथे स्थायिक झालेल्यांच्या वृद्ध आईवडिलांचा प्रश्न त्यात नाही. व्यापारमंत्र्यांच्या टेबलावर बाटली पोहोचली, आजी पोहोचली नाही.

आपल्या चळवळीतील काही मित्र विचारतात की परदेशी गेलेल्या सुखवस्तू मध्यमवर्गाच्या दुःखाशी समाजवाद्यांनी कशाला डोके लावावे. आणि बाहेरून माणसे आली की तेथील कामगाराची मजुरी पडते, याचे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुबईच्या गवंड्यात आणि लंडनच्या परिचारिकेत आहे. उत्पन्नाची अट सुखवस्तूंना अडवीत नाही, ती गरिबालाच अडविते. दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे, पण ते उलटे वाचले पाहिजे. मजुरी पाडतो तो एकटा, कुटुंबाविना, कंत्राट संपताच हाकलता येणारा कामगार. ज्याची मुले शाळेत जातात, ज्याच्या पत्नीला शेजार आहे, तो संघटनेत येतो, भाडेवाढीविरुद्ध उभा राहतो. मालकांना हे पुरते कळते. कामगार संघटनांना ते कळायला वेळ लागला.

आणि हा प्रश्न केवळ विमानतळापलीकडचा नाही. शिरवळच्या औद्योगिक परिसरात परप्रांतांतील कंत्राटी कामगार एका खोलीत सहा-सहा राहतात. त्यांना या गावात यायला व्हिसा लागला नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 साली कायदा झाला होता, त्यात प्रवासभत्त्याची आणि योग्य निवासाची तरतूद होती; त्याची अंमलबजावणी कशी झाली हे 2020 च्या मे महिन्यात याच महामार्गाने पायी जाणाऱ्या माणसांनी दाखवून दिले. त्याच वर्षी तो नव्या संहितेत विलीन करण्यात आला. खोलीमालक 'फॅमिली' असेल तर भाडे वाढवून सांगतो किंवा परप्रांतीय फॅमिली नको म्हणतो. शिधापत्रिका आता देशात कोठेही चालते असे म्हणतात. पण निम्मे धान्य येथे आणि निम्मे गावी अशी वाटणी करताना दुकानदाराशी हुज्जत कोणी घालायची? मुलाला शाळेत घालायचे तर माध्यम मराठी. पहिले वर्ष त्याला काही समजत नाही, आणि गावच्या शाळेत त्याचे नाव पटावर तसेच राहते. ग्रामपंचायत, औद्योगिक वसाहत आणि येथील कामगार संघटना यांनी मिळून सहकुटुंब राहता येईल अशा भाड्याच्या खोल्या बांधायला घेतल्या आणि जूनमध्ये प्राथमिक शाळेत या मुलांसाठी एक दुभाषी शिक्षक नेमला, तर त्यासाठी कोणत्याही परराष्ट्राची संमती लागणार नाही.